बाइकचं इंजिन, चार चाकांचं ओझं

१९४६ साली इंग्लंडमधल्या सर्बिटन इथल्या गॅरेजात चार्ल्स कूपर आणि त्याचा मुलगा जॉन यांनी एक रेसची गाडी जुळवली. युद्ध नुकतंच संपलं होतं. पेट्रोल रेशनवर होतं आणि नव्या भागांची मारामार होती. त्यांनी फियाट टोपोलिनो या छोट्या गाडीची पुढची धुडं दोन ठिकाणांहून मिळवली आणि एक पुढे, एक मागे अशी जोडली. इंजिन घेतलं जे.ए.पी. कंपनीचं, मोटरसायकलचं, ५०० सीसी, एका सिलिंडरचं. हे इंजिन चेननं मागचं चाक फिरवायला बनलेलं असल्यामुळे ते ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवणंच सोयीचं होतं. त्यात क्रांतीबिंतीचा विचार नव्हता. पण या ५०० सीसी कूपरमध्ये रेसर स्टर्लिंग मॉस घडला आणि पुढे मागच्या इंजिनाच्याच कूपरमधून जॅक ब्रॅबम १९५९ आणि १९६० साली फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. काही वर्षांत फॉर्म्युला वनच्या सगळ्या गाड्यांची इंजिनं मागे गेली.

घरी गाडी बांधणाऱ्यानं या गोष्टीतून घेण्यासारखं एवढंच, की आधी गाडी ठरवून नंतर तिच्यात इंजिन टाकता येत नाही. इंजिन ठरलं की गाडीचा निम्मा आराखडा आपोआप ठरतो. मोटरसायकलच्या इंजिनाबाबत तर हे जास्तच खरं आहे. कारण ते इंजिन दोन चाकांसाठी, एका स्वारासाठी आणि वळणावर आडवं होण्यासाठी जन्माला आलेलं असतं.

हा नाद आला कुठून

सुटे भाग विकत घेऊन घरच्या शेडमध्ये जोडायच्या गाडीला ब्रिटनमध्ये किट कार म्हणतात. तिचा सर्वात गाजलेला नमुना म्हणजे कॉलिन चॅपमनची १९५७ सालची लोटस सेव्हन. दोन सीटा, छप्पर नावापुरतं, दारं जवळपास नाहीतच आणि वजन पाचशे किलोच्या आत. १९७३ साली तिचे हक्क कॅटरहॅम कंपनीनं घेतले आणि तीच गाडी आजही बनते आहे. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचं एक पुस्तक आलं. अवघ्या अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असा त्याचा दावा होता. चौकोनी लोखंडी नळ्या घरी वेल्ड करून चेसी करायची आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल काढून लावायचे, ही त्यातली पद्धत. या गाड्यांना ‘लोकॉस्ट’ हे नाव पडलं.

त्याच सुमारास जपानी सुपरबाइक वेगानं बदलत होत्या. होंडाची फायरब्लेड १९९२ साली आली, ब्लॅकबर्ड १९९६ साली, यामाहाची आर-वन १९९८ साली आणि सुझुकीची हायाबुसा १९९९ साली. अपघातात मोडलेल्या या बाइक भंगारात येऊ लागल्या तेव्हा हौशी मंडळींच्या लक्षात आलं, की जुन्या फोर्डच्या बिडाच्या इंजिनापेक्षा हे भंगार कितीतरी मोलाचं आहे. १९९७ साली इंग्लंडमधल्या पीटरबरोला रॅडिकल नावाची कंपनीच निघाली. तिची पहिली गाडी कावासाकीच्या बाइक इंजिनावर चालली आणि पुढच्या बहुतेक रेस गाड्या हायाबुसाच्या इंजिनावर. २००५ साली या कंपनीच्या एसआर-एट गाडीनं जर्मनीतल्या नुरबुर्गरिंगची वीस किलोमीटरहून लांब फेरी सात मिनिटांच्या आत पूर्ण केली. तिचं व्ही-एट इंजिन हायाबुसाच्याच घराण्यातून तयार केलेलं होतं.

मोह कशाचा

आकडे पाहिले की मोह कळतो. पहिल्या आर-वनचं इंजिन ९९८ सीसीचं. मिनिटाला दहा हजार फेऱ्यांना ते १५० हॉर्सपॉवर देतं. गिअरबॉक्स आणि क्लच त्याच्या पोटातच असतात आणि तरी सगळं मिळून दोन धडधाकट माणसं उचलून ठेवू शकतात. बाइक इंजिनं साधारण ६० ते ८५ किलोंची. जुन्या गाडीचं बिडाचं दोन लिटर इंजिन गिअरबॉक्ससह याच्या दुपटीच्या आसपास भरतं आणि ताकद देतं जेमतेम शंभर हॉर्सपॉवर.

आता ही आर-वनची ताकद ४५० किलोंच्या गाडीत टाकली तर टनामागे ३३० हॉर्सपॉवर पडतात. ९०० किलोंच्या आणि ९० हॉर्सपॉवरच्या घरगुती हॅचबॅकमध्ये टनामागे शंभर पडतात. शिवाय बाइकचा गिअर सीक्वेन्शियल असतो. लिव्हर मागे ओढला की वरचा गिअर, पुढे ढकलला की खालचा. रेसच्या गाडीसाठी असा गिअरबॉक्स वेगळा घ्यायचा तर तो इंजिनाहून महाग पडतो. इथे तो फुकटात येतो.

पण ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. त्याच आर-वनचा सर्वाधिक टॉर्क १०८ न्यूटन-मीटर आहे आणि तो येतो ८,५०० फेऱ्यांना. जुन्या फोर्डचं दोन लिटर इंजिन चार हजार फेऱ्यांनाच दीडशेच्या वर जातं. म्हणजे बाइकचं इंजिन जोर कमी लावतं आणि तो फार वेळा लावतं. बाइकवर ते खपून जातं, कारण तिथे स्वारासह अडीचशे ते तीनशे किलो हलवायचे असतात. चार चाकं, चेसी, डिफरन्शियल आणि दोन माणसं धरली की ओझं दुप्पट होतं. म्हणून पहिला प्रश्न इंजिनाबद्दल नसतोच. गाडी किती किलोंची होणार, हा असतो. माणसं वगळून ५०० किलोंच्या आत राहणार असेल तर बाइक इंजिनाचा विचार करा. हीटर, गालिचे, पूर्ण काचा आणि डिकी हवी असेल तर गाडीचंच इंजिन घ्या. जड गाडीत बाइक इंजिन सतत ओरडत राहतं आणि गाडी मात्र उठत नाही.

गिअरचं गणित आधी कागदावर

कमी टॉर्कवरचा इलाज म्हणजे गिअर. हायाबुसाचं उदाहरण घेऊ. तिच्या इंजिनात क्रँक आणि क्लच यांच्यामध्ये १.५९६ ची पहिली घट असते. पहिला गिअर २.६१५ चा, सहावा १.०४३ चा. शेवटी चेन-स्प्रॉकेटची २.३५२ ची घट. मागच्या टायरच्या मापानं हिशेब केला तर दहा हजार फेऱ्यांना बाइक पहिल्या गिअरमध्ये ताशी सुमारे १२० किलोमीटर आणि सहाव्यात सुमारे ३०० किलोमीटर धावते. पहिलाच गिअर १२० चा! एवढ्या लांब गिअरवर पाचशे किलोंची गाडी चढावर उठवायची म्हणजे क्लच प्लेटांची होळी.

सेव्हनसारख्या गाडीत इंजिन आडव्याचं उभं करतात. बाइकवर डाव्या बाजूला असलेला स्प्रॉकेटचा शाफ्ट गाडीत मागे तोंड करतो. स्प्रॉकेट काढून तिथे फ्लँज बसवायची, तिला प्रोपेलर शाफ्ट जोडायचा आणि मागे डिफरन्शियल. सुदैवानं बहुतेक चार सिलिंडरी बाइक इंजिनांची फिरण्याची दिशाही जुळते. स्प्रॉकेटचा शाफ्ट इंजिनाच्या मध्यावर नसतो, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट तिरका बसतो. तो दोन तुकड्यांत करून मध्ये बेअरिंगचा आधार द्यावा लागतो, नाहीतर सांध्यांचे क्रॉस खडखडतात आणि शाफ्ट थरथरतो.

आता चेनच्या २.३५२ ऐवजी डिफरन्शियलचा आकडा येतो. ब्रिटनमधली हौशी मंडळी फोर्ड सिएराचं डिफरन्शियल फार वापरतात. ते ३.१४, ३.३८, ३.६२ आणि ३.९२ अशा घटींमध्ये मिळतं. १८५/६०-१३ चा टायर धरून, दहा हजार फेऱ्यांना, हायाबुसाचं गणित असं येतं:

३.९२ चं डिफरन्शियल घेतलं तर पहिला गिअर ताशी ६४ किलोमीटरपर्यंत आणि सहावा १६० पर्यंत. सहाव्यात ताशी १०० नं जाताना इंजिन सव्वासहा हजार फेरे घेतं.

३.१४ चं घेतलं तर पहिला ७९ पर्यंत, सहावा सुमारे २०० पर्यंत. ताशी १०० ला इंजिन पाच हजारांवर शांत राहतं. म्हणजे बाइक इंजिनाच्या मानानं शांत!

पहिली जोडी छोट्या, वळणावळणांच्या ट्रॅकवर भन्नाट आणि हायवेवर डोकं उठवणारी. दुसरी रस्त्यावर सुसह्य, पण सिग्नलवरून निघताना क्लचला जास्त राबवणारी. इंजिन, डिफरन्शियल आणि टायर हे तीन आकडे एकत्रच ठरवायचे असतात. एक घेऊन ठेवला आणि दुसरे नंतर बघू म्हटलं, की पैसे दोनदा जातात.

तेल कुठे जातं

बाइक इंजिन गाडीत टाकून ट्रॅकवर गेलेल्यांची इंजिनं बसली, ती बहुतेक ताकदीच्या हव्यासानं नाही, तेलामुळे. कारण समजायला सोपं आहे. बाइक वळणावर झुकते. गुरुत्वाकर्षण आणि बाहेर फेकणारा जोर यांची बेरीज बाइकच्या उभ्या रेषेतूनच जाते, त्यामुळे तेल ऑइल चेंबरच्या तळाशीच राहतं. गाडी झुकत नाही. एसटीत मांडीवर पाण्याचं पातेलं घेऊन घाटात बसावं, तशी तेलाची अवस्था होते. चांगल्या टायरांवर हलकी गाडी वळणात एक जी इतका आडवा जोर सहज गाठते. त्या वेळी तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. तेल एका भिंतीवर चढतं, पंपाची चोखनळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. दहा हजार फेऱ्यांवर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला क्षणभर तेल मिळालं नाही, तरी पुरतं.

त्यात दुसरी अडचण. बाइकचं चेंबर खोल असतं. बॉनेट खाली ठेवायचं आणि रस्त्याला घासायचंही नाही, म्हणून चेंबर कापून उथळ करावं लागतं. उथळ चेंबरमध्ये तेल आणखी लवकर सरकतं.

इलाज तीन पायऱ्यांचे. पहिला, चेंबरमध्ये आडपडदे असलेली प्लेट, म्हणजे तेल एकदम सरकत नाही. दुसरा, बाजूंना पसरवलेलं रुंद चेंबर, त्यात जास्त तेल मावतं. तिसरा आणि पक्का इलाज म्हणजे ड्राय संप. त्यात तेल चेंबरमध्ये साठवतच नाहीत. वेगळे पंप ते ओढून एका उभ्या टाकीत पाठवतात आणि तिथून इंजिनाला सलग पुरवठा होतो. तो महाग असतो.

इंजिन निवडीशी याचा थेट संबंध आहे. आर-वन आणि जुनी फायरब्लेड आडपडद्याच्या प्लेटवर निभावतात, असा हौशी मंडळींचा साधारण अनुभव आहे. हायाबुसाला ट्रॅकवर न्यायची तर ड्राय संपचे पैसे इंजिनाच्या किमतीतच धरावेत. स्वस्तात मिळालेली हायाबुसा अशी महाग पडते.

क्लच, रिव्हर्स आणि बाकीची कटकट

बाइकचा क्लच अनेक पातळ प्लेटांचा असतो आणि तेलात बुडालेला असतो. तो पुरेसा मजबूत असतो, पण चढावर अर्धा क्लच धरून गाडी उभी ठेवायची सवय त्याला मानवत नाही. जास्त कडक स्प्रिंगा आणि चांगल्या प्लेटा बसवणं हा पहिला खर्च. बाइक इंजिनाचं फ्लायव्हील हलकं असतं, त्यामुळे क्लच सोडताना फेरे झटकन पडतात आणि इंजिन बंद पडतं. सवयीनं पाय तयार होतो, पण ट्रॅफिकमध्ये रोज वापरायची गाडी हवी असेल तर हे आधीच जाणून असावं.

रिव्हर्स हा सगळ्यांना उशिरा आठवणारा मुद्दा. मोटरसायकलला मागे जायचं तर स्वार पाय टेकवतो. आपल्याकडच्या ऑटोरिक्षाचं इंजिन दुचाकीच्या कुळातलं असूनही तिच्या गिअरबॉक्सला रिव्हर्स दिलेला असतो. सुपरबाइकला तो नसतो. मग उपाय दोन. प्रोपेलर शाफ्टच्या मध्ये रिव्हर्सचा वेगळा बॉक्स बसवायचा, किंवा शाफ्टवर दातेरी चक्र लावून ते स्टार्टर मोटरनं उलट फिरवायचं. पहिला जड आणि महाग, पण भरवशाचा. दुसरा हलका आणि स्वस्त, पण बॅटरी खाणारा आणि पार्किंगपुरताच.

विजेचं कामही कमी नाही. बाइकच्या वायरिंगमध्ये साइड स्टँडचा स्विच असतो. बाइक पडली की इंजिन बंद करणारा सेन्सरही असतो. हा सेन्सर गाडीत योग्य बाजू वर करून बसवला नाही, तर बाइक आडवी पडली आहे असं कंट्रोल युनिटला वाटतं आणि इंजिन सुरूच होत नाही. नंतरच्या अनेक बाइकमध्ये किल्लीतच चोरीविरोधी चिप असते, त्यामुळे किल्लीशिवायचं इंजिन घेऊन उपयोग नाही. आर-वन २००१ पर्यंत आणि फायरब्लेड १९९९ पर्यंत कार्ब्युरेटरवर होती. या जुन्या इंजिनांचं वायरिंग साधं असतं, पण कार्ब्युरेटर जुळवायला मुरलेला हात लागतो. हायाबुसा पहिल्यापासून फ्युएल इंजेक्शनवर आहे. रेडिएटर बाइकचा वापरू नका. बाइकवर तो वाऱ्यात उघडा असतो, गाडीत तो नाकामागे कोंडला जातो. मोठा रेडिएटर आणि चांगला पंखा लावा.

मग कोणतं घ्यायचं

६०० सीसीची इंजिनं हलकी आणि स्वस्त असतात. पण त्यांचा जीव अकरा-बारा हजार फेऱ्यांच्या वर आहे. एका सीटच्या, चारशे किलोंच्या आतल्या रेस गाडीला ती शोभतात. दोघांना बसवून रस्त्यावर न्यायला ती अपुरी पडतात.

हजार सीसीचा वर्ग, म्हणजे आर-वन, फायरब्लेड, सुझुकीची जीएसएक्स-आर हजार, हा ट्रॅकवर जाणाऱ्या हलक्या गाडीचा मध्यममार्ग. वजन कमी, ताकद दीडशेच्या पुढे, सुटे भाग मुबलक.

अकराशे ते चौदाशे सीसीचा वर्ग, म्हणजे ब्लॅकबर्ड, हायाबुसा, कावासाकीची झेडएक्स-ट्वेल्व्ह, हा रस्त्यावरच्या गाडीसाठी सर्वात समंजस. २००८ साली आलेली १३४० सीसी हायाबुसा ७,२०० फेऱ्यांना १५५ न्यूटन-मीटर टॉर्क देते. म्हणजे टॉर्कमध्ये ती जुन्या दोन लिटर इंजिनाच्या बरोबरीला येते आणि ताकदीत ते इंजिन तिच्या निम्म्यावर राहतं. दहा-पंधरा किलो जास्त घ्यावे लागतात, पण दर चौकात क्लच जाळावा लागत नाही.

घेताना सुटं इंजिन घेण्यापेक्षा अपघातातली अख्खी बाइक घ्या. वायरिंग, कंट्रोल युनिट, किल्ली, मीटर, कॉइल, थ्रॉटल बॉडी सगळं एकाच बाइकचं मिळतं आणि टाकी, चाकं, फोर्क विकून बरेच पैसे परत येतात. इंजिन सुरू करून ऐका. पडलेल्या बाजूच्या कव्हरला तडा आहे का ते बघा. बाइक आडवी पडून इंजिन बराच वेळ चालू राहिलं असेल तर तेलाविना बेअरिंग खराब झालेलं असू शकतं. चेंबर उघडून धातूचा चुरा दिसला तर सौदा सोडा. इंजिनाच्या नंबराचे आणि सालाचे कागद जपा. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी तिची सरकारी तपासणी होते आणि तिथे धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते.

आपल्याकडे

भारतात घरी बांधलेली गाडी आरटीओकडे नेऊन नंबर मिळवणं हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. नव्या वाहनाला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून प्रकार-मान्यता लागते. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ गाडीत मनाजोगे बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ च्या निकालात तेच अधोरेखित केलं.

पण बाइक इंजिनावर चार चाकं चालवण्याचं काम इथे जोरात चालतं, ते इंजिनीअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये. फॉर्म्युला स्टुडंट धर्तीच्या स्पर्धांसाठी विद्यार्थी एका सीटची गाडी स्वतः बांधतात. नियम असा, की इंजिन ७१० सीसीपर्यंत चालेल, पण सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून आत गेली पाहिजे. त्या भोकात हवेचा वेग ध्वनीइतका झाला, की त्याहून जास्त हवा आत जात नाही. ६०० सीसीचं चार सिलिंडरी इंजिन वरच्या फेऱ्यांवर तिथे गुदमरतं. जुन्या केटीएम ३९० चं एका सिलिंडरचं ३७३ सीसी इंजिन मात्र त्या भोकाला फारसं जुमानत नाही, कारण ४३ हॉर्सपॉवरला लागणारी हवा त्यातून जाते. ते हलकं आहे, बजाजच्या चाकण कारखान्यात बनलेलं आहे आणि सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. म्हणून आपल्या अनेक संघांच्या गाड्यांत तेच दिसतं. कागदावर निम्म्याहून कमी ताकद असलेलं हे इंजिन नियम, वजन आणि खर्च यांच्या हिशेबात शहाणं ठरतं.

निवडीचा क्रम असा ठेवा: आधी गाडीचं वजन, मग वापर, मग डिफरन्शियल आणि टायर, मग तेलाची व्यवस्था आणि हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी. पाचशे किलोंच्या आतली रस्त्यावरची गाडी असेल तर मोठ्या सीसीचं इंजिन, ट्रॅकची असेल तर हजार सीसीचं, विद्यार्थी स्पर्धेची असेल तर एका सिलिंडरचं. आणि गाडी सहाशे किलोंच्या पुढे जाणार असेल, तर बाइकचं इंजिन बाइकलाच राहू द्या.